ओनोफ्रेमामांचा उजवा दात आणि त्याचा जोडीदार

रिबेराँव, जुलै

तीर्थरूप ओनोफ्रेमामा,

आधी आशीर्वाद द्या, मग वाचायला बसा. तुमचा रक्तदाब, जेनोवेवामामींचे गुडघे आणि ती चावरी खेचर, तिघांचंही बरं चाललं असेल अशी आशा करते. माझं विचाराल तर घसा पार बसलाय, आणि तरी मी आनंदाने वेडी झालेय. काल प्रयोगशाळेत मी तुमच्या दातासाठी ओरडले, मामा! हो, तुमच्याच. गावातल्या डॉ. झुल्मीरांनी हिरडी सुटली म्हणून काढला, तोच उजवीकडचा, खालचा.

तुम्ही म्हणाल, पोरगी शहरात शिकायला गेली की दातांवर ओरडायला? सांगते. दाताची नस मेली की डॉक्टर आतली नळी कोरून साफ करतात. प्रश्न एवढाच, की कोरायचं किती? पपईच्या बिया काढताना तुम्ही चमच्याने निम्मा गरही ओरबाडता (मामी करवादतात त्या उगाच नाही), तसं केलं तर नळी लख्ख होते, पण भिंती पातळ होतात आणि पुढे कधीतरी दात उभा चिरतो. माझं म्हणणं, बेतानं कोरावं. आमचे प्राध्यापक हेराल्दो यांची हयात ऐसपैस कोरण्यात गेलेली, त्यामुळे हे ऐकून त्यांच्या मिशा थरथरल्या. "सिलेने, तोंडाने सांगू नकोस बाई, यंत्राने सांग," म्हणाले.

यंत्राने सांगायचं म्हणजे असं. एकाच माणसाच्या तोंडातला उजवा-डावा जोड घ्यायचा. एक बेतानं कोरायचा, दुसरा ऐसपैस, दोन्ही भरायचे आणि फुटेपर्यंत दाबायचे. तोंड एकच असल्यामुळे एक दात दुधावर वाढला आणि दुसरा उसावर, असं म्हणायची कुणाची सोय उरत नाही. तुम्ही दोन्ही दात संशोधनाला देण्याच्या कागदावर सही केलीत, उजवा दिलात आणि डाव्याची पाळी येताच गळ्यातला रुमाल काढून चालू पडलात. "पुढच्या महिन्यात बघू," म्हणालात. मी त्या भरवशावर उजवा बेतानं कोरून, भरून ठेवला.

आमच्याकडे दाताला नाव नसतं, नुसता आकडा. पण तुमच्या दाताच्या कडेला बाटल्यांची बुचं उघडून पडलेली खाच आहे, ती मी लांबूनही ओळखीन. मी हे कुणालाही सांगितलं नाही. (माझ्याबरोबर काम करणाऱ्या वांदाला सांगितलं. म्हणजे इमारतीचा पहारेकरीसुद्धा दुपारी "मामा कधी खेळणार?" असं विचारून गेला.) आमच्यात पैज लागते, हरणाऱ्याने सगळ्यांना गरम पाँव दे केजो, आपले चीजचे गोळे, खिलवायचे. सगळे तुमच्याविरुद्ध होते, कारण म्हातारा दात. मी एकटी तुमच्या बाजूने.

यंत्राचा दांडा हळूहळू खाली आला. इतर दात ज्या दाबाला कडाडले होते तो दाब आला आणि गेला. वांदा म्हणाली, "अगं, हा ऐकत नाहीये!" मी टेबलावर चढले. तेवढ्यात प्राध्यापक दारात. पैजेवर त्यांची सक्त बंदी आहे, म्हणून सगळ्यांनी श्वास रोखला. त्यांनी पडद्यावरचा आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि एकदम मुठी आवळून ओरडले, "धर रे म्हाताऱ्या, धर!" आणि तुमच्या दातानं धरलं, मामा! आजवरच्या सगळ्या दातांपेक्षा जास्त. शेवटी फुटला तोही असा सभ्यपणे, वरचा कोपरा तेवढा उडाला. अजून तोंडात असता तर डॉक्टरने दुपारच्या आत डागडुजी करून दिली असती. मला रडू आलं. हरलेल्यांच्या वतीने वांदाला सगळ्यांसाठी चीजचे गोळे आणावे लागले, आणि त्यातले चार प्राध्यापकांनी खाल्ले.

शेवटचा गोळा गिळून ते म्हणाले, "याचा जोडीदार कुठाय?"

आणि इथेच घोडं अडलंय. जोडीदार नाही तर तुलना नाही, आणि तुलना नाही तर हा दात प्रबंधात नाही. एवढा पराक्रम गाजवून तुमचा उजवा दात खिजगणतीतही नसणार! माझ्या जिवाला हे फार लागलंय. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मामींना नमस्कार, खेचरीला लांबूनच.

तुमची लाडकी भाची,
सिलेने

ता. क. हे पत्र केवळ खुशालीसाठी आहे. संशोधनासाठी दात काढा असं म्हणायची मला मनाई आहे आणि मी म्हणत नाही. पण डावा हलतोय, तो काढावाच लागेल, असं झुल्मीरा पूर्वीच म्हणाल्या होत्या, आणि गुरुवारी त्यांची खुर्ची रिकामी आहे. काढलात तर पाण्यात ठेवा. तुमच्या त्या उसाच्या दारूत, कशासात, नको. तुम्हाला तो दाताचा सन्मान वाटेल, आम्हाला तो बाद करावा लागेल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच मामींचा फोन आला. मामा!! साँव जुआँवच्या सणात शेकोटीपाशी ग्वाराना सरबताची बाटली दातानं उघडताना डावा पडला, आणि तुम्ही तो दुधाचा दात पडलेल्या पोरासारखा छपरावर फेकून नवा मागितलात? वर घरात सगळ्यांना गप्प राहायची शपथ? इतके दिवस उन्हात वाळलेला दात ठिसूळ होतो, तो आता यंत्राला चालत नाही. मी अर्धा तास तुमच्यावर भयंकर चिडले होते. प्राध्यापकांना सांगितलं तर ते खुर्चीतून घसरेपर्यंत हसले आणि मग हळूच म्हणाले, "बाकीचे जोड तुझ्याच बाजूने बोलतायत, सिलेने. मीच उद्यापासून बेतानं कोरतो." म्हणजे प्रबंध वाचला. फक्त तुमचा पठ्ठ्या बाद झाला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलंय, "जोडीदार छपरावर."

ता. क. तिसरा. शिडी लावू नका, या वयात पडाल. पण वर नवा उगवलाच, तर त्यावर पहिला हक्क माझा. तुम्ही दोन दातांवर सही केली आहे.