अ‍ॅपच्या लेखी मी तेरा वर्षांचा

चि. गोदूस दादाचे अनेक आशीर्वाद.

आधी तुझा गुडघा कसा आहे ते कळव. तेल चोळतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? गुणवंतरावांचा दमा थंडीत उचल खातो, त्यांना पहाटे विहिरीवर जाऊ देऊ नकोस (ते जातीलच, पण तू ओरडलीस एवढं तरी होईल). तिकडे रोह्याला वाल कसे आलेत यंदा? आम्ही मीरा रोडला सगळे ठीक आहोत. लिफ्ट बंद आहे, बाकी कुरकुर नाही.

आता मुख्य गोष्ट. मागे एका रात्री मी फोन लावला, तू मला तुमच्या शेजारणीच्या म्हशीचं सांगत होतीस आणि ऐन रंगात फोन कटला. तू उलट लावलास तर लागेना. मग तू आमच्या सूनबाईला, स्वप्नालीला, फोन करून ‘म्हशीच्या गोष्टीत दादाला एवढं रागावण्यासारखं काय होतं’ असं रडवेल्या आवाजात विचारलंस म्हणे. अगं बाई, मी फोन आपटला नाही. नऊ वाजले होते. माझी झोपायची वेळ झाली म्हणून फोनने आपणहून स्वतःला कुलूप लावलं. कारण त्याच्या लेखी मी तेरा वर्षांचा होतो.

थांब, लगेच गुणवंतरावांना हाका मारू नकोस. माझं डोकं ठिकाणावर आहे. पहिल्यापासून सांगतो, आणि कागदावर सांगतो, कारण फोनवर काही सांगायची आता मला धास्तीच बसली आहे.

त्याचं असं झालं. आपली नात रुचिता सातवीत गेली. शाळा, मग क्लास, मग कथ्थक. जितू आणि स्वप्नाली, आईबाप दोघंही कामावर. तेव्हा पोरीला फोन द्यायचा ठरलं. पण नुसता फोन कसा द्यायचा? हल्ली म्हणे एक अ‍ॅप मिळतं, ते पोराच्या फोनमध्ये बसवलं की पोर काय बघतं, कुणाशी बोलतं, कुठे फिरतं, सगळं आईबापांना आपल्या फोनवर घरबसल्या दिसतं. अशी अ‍ॅपं ढिगाने. जितूचा स्वभाव तुला ठाऊक आहे, कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा तो लोकांची मतं वाचतो. त्याने सगळं वाचून तीन अ‍ॅपं निवडली आणि तिन्ही आधी फुकट वापरून बघायचं ठरवलं. आता वापरून बघायची कुणावर? रुचितावर बघितली तर ती आधीच सावध होणार. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. मी वरण ओरपत होतो. म्हटलं, बघा की खुशाल, माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय? (हे वाक्य शहाण्या माणसाने कधी उच्चारू नये. तू तर नकोच.)

पहिल्या अ‍ॅपवर घुबडाचं चित्र होतं. त्याने माझं जन्मसाल घेतलंच नाही, त्र्याहत्तर वर्षांचं मूल त्याला मान्य नव्हतं. मग जितूने साल पुढे पुढे सरकवत मला तेरावर आणून सोडलं. मुलाचं नाव या रकान्यात त्याने ‘बाबा’ लिहिलं. झालं, दुसऱ्या दिवशी स्वप्नालीला ऐन मीटिंगमध्ये निरोप गेला, की बाबा या तुमच्या मुलाने अभ्यासाच्या वेळेत पत्ते खेळले. तिच्या साहेबाने तो वाचला. मी आयुष्यभर कारखान्यात टाइमकीपर होतो गं, आठशे माणसांची हजेरी माझ्या हाताखालून जायची, आणि आता दुपारी दोन घटका रमी खेळलो तर माझी चहाडी थेट अंधेरीला तिच्या ऑफिसापर्यंत.

तेवढ्यावर भागलं नाही. मूळव्याधीवर घरगुती उपाय शोधायला गेलो (तू कुणाला बोलू नकोस), तर घुबड म्हणतं, हा विषय तुझ्या वयाला योग्य नाही, याबद्दल आईबाबांशी मोकळेपणाने बोल. आता आईबाबांना मी कुठून आणू, गोदू? आपले ते कधीच गेले. आणि त्या संध्याकाळी स्वप्नालीने माझ्या ताटाशेजारी इसबगोलाचा डबा आणून ठेवला. पोरगी गुणी आहे, नाही म्हणत नाही. पण मला ताटावरून उठावंसं वाटलं.

दुसऱ्या अ‍ॅपवर छत्री होती. ते रात्री नऊला कुलूप घालायचं, आणि मंजूर माणसांखेरीज कुणाचा फोन आत घ्यायचं नाही. मंजूर माणसांत रिक्षावाला होता, दूधवाला होता, खालच्या मजल्यावरच्या हिनाबेन होत्या. तू नव्हतीस. जितू म्हणतो, अरेच्चा, आत्या राहूनच गेली. म्हणून तुझी म्हैस अर्ध्यात अडकली. ती शेवटी व्याली का?

तिसरं अ‍ॅप मात्र अस्सल पोलीस निघालं. त्यात नकाशा. नकाशावर मी म्हणजे एक निळा ठिपका, आणि घराभोवती एक गोल. गोलाबाहेर पाय पडला की जितूच्या फोनवर घंटा. तुला माहीत आहे, गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरल्यापासून मला बाग आणि कोपऱ्यावरचा वाणी यापलीकडे जायची बंदी आहे. आणि तुला हे माहीत नाही, की मी ती एक दिवसही पाळलेली नाही. आमच्या कारखान्यातला फिटर महिपत आठवतो का? भाईंदरच्या खाडीकाठच्या राई गावचा कोळी. निवृत्त झाल्यावर तो घरच्या होडीकडे परत गेला. दुपारी सगळे बाहेर पडले की मी बस पकडून त्याच्याकडे जातो, ओटीवर बसतो, त्याची बायको जिजाबाई कोरा चहा देते, आणि सोसायटीतली शेंबडी पोरं शाळेतून सुटायच्या आत मी घरी येऊन पेपर उघडून बसलेला असतो. इतकं बिनबोभाट चाललं होतं.

पहिल्याच दिवशी बसमध्ये फोन वाजला. जितू. एरवी हा मुलगा मला फोन कधी करतो, तर त्याचा ओटीपी चुकून माझ्या नंबरवर आला की. म्हणाला, बाबा, कुठे आहात? म्हटलं, दूध आणायला निघालोय. तर म्हणे, दूध आणायला भाईंदर पश्चिमेला? मग सगळं सांगावं लागलं. तेव्हापासून रोज तेच. मी गोलाबाहेर पडलो की याचा फोन. बसायला जागा मिळाली का? गोळी घेतली का? पोचलात का? चहात साखर घालू नका. एकदा तर पाऊण तास बोलत बसला. त्याचा साहेब बदलतोय, नवा माणूस खडूस आहे, झोप लागत नाही, असलं काय काय सांगत राहिला आणि माझा चहा निवून गेला. जिजाबाईने दुसऱ्यांदा केला. पुढे पुढे तर मागण्या सुरू झाल्या, चिंबोऱ्या मिळाल्या तर आणा म्हणून. म्हाताऱ्या माणसाने जरा शांत बसायची सोय नाही.

आणि मग तो शुक्रवार. महिपत म्हणाला, चल, खाडीत जाळी बघून येऊ. मी होडीत बसलो. फोन भिजू नये म्हणून पिशवीत गुंडाळून त्याच्या डब्यात ठेवला. चांगला वारा होता, मजेत होतो. इकडे जितूच्या फोनवर ठिपका निघाला पाण्यातून. खाडीच्या मधोमध, सावकाश, समुद्राच्या दिशेने. हा फोन करतोय, मी उचलत नाही. त्याने हिनाबेनना फोन केला, त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘अंकल पानी में हैं’ एवढंच टाकलं. मग काय विचारतेस! कुणी अग्निशमन दलाचा नंबर टाकला, कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि तळमजल्याच्या एका महाशयांनी घाईघाईने ‘ॐ शांती’ टाकून नंतर पुसलं. (कोण ते मला कळलं आहे. बघून घेईन.)

आम्ही परत आलो तर काठावर जितू उभा. ऑफिसचे बूट घोट्यापर्यंत चिखलात, टाय तसाच. जिजाबाई मला म्हणाली, “यो तुमचा पोर हाय का? कवाचा पान्याकडं बघत उभा हाय. पानी दिलं तर तेबी घेत न्हाय.” मला वाटलं आता सगळ्या गावासमोर माझी शोभा होणार. पण तो पुढे आला, मला धरून होडीतून उतरवलं. रिक्षात बसल्यावर मात्र तोंडाचा पट्टा सुरू झाला, तो घर येईपर्यंत. पण माझं मनगट त्याने सगळा रस्ता सोडलं नाही.

घरी आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते माझ्या फोनवरून अ‍ॅप काढून टाकायचं. म्हणाला, हे असं दिसत राहिलं तर माझंच काहीतरी होईल. तुम्ही घरी बसा, राई बंद, आणि मला काही दिसायला नको. तेच तिसरं अ‍ॅप आता रुचिताच्या फोनवर आहे. त्याचा काही उपयोग होईल असं मला वाटत नाही, कारण फोन अडला की इतके दिवस मी तिलाच हाक मारत होतो. कुठलं कुलूप कसं उघडतं ते तिला तोंडपाठ झालंय. काल ती खाली खेळायला गेली आणि तिचा फोन, म्हणजे तिचा निळा ठिपका, घरात चपलांच्या कपाटावर शहाण्यासारखा बसून होता.

तर अशी माझी सुटका झाली. पत्ते खेळतो, वाटेल तेव्हा झोपतो, कुणी विचारत नाही. गुडघ्याला जप. गुणवंतरावांना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद. पत्र लांबलं, पण तुझ्या म्हशीएवढं नाही.

तुझा,
लीलाधरदादा

ता. क. आता रात्री नऊनंतरही फोन केलास तरी चालेल.

आणखी एक ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. तू जितूला फोन कर आणि आत्या म्हणून चांगलं दरडावून सांग, की दादाच्या फोनवर ते नकाशाचं अ‍ॅप परत घाल, वयाचा माणूस आहे, लक्ष असलेलं बरं. मी सांगितलं असं म्हणू नकोस. अ‍ॅप गेलं आणि दुपारचा फोनही गेला. रात्री एका टेबलावर जेवतो, पण तो मान वर करत नाही, आणि नव्या साहेबाचं पुढे काय झालं ते मला विचारता येत नाही. तो रोज फोन करायचा ते मला आवडायचं, गोदू. झालं, लिहून टाकलं.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात जितूचा फोन आला. म्हणाला, बाबा, कुठे आहात? म्हटलं, अरे, अ‍ॅप तर तूच काढलंस. तर म्हणे, हो, सवयीने फोन उघडला, ठिपका दिसेना, म्हणून विचारलं. मी म्हटलं, खाली बागेत बसलोय. मग साहेबाचं सगळं ऐकून घेतलं. तू तरीही त्याला दरडाव, कारण सवय दोन दिवसांत मोडते. आणि पत्राला सुक्या जवळ्याचा वास येत असेल तर त्याचं असं आहे, की महिपतच्या ओटीवर टेबल नाही, जिजाबाईने जवळा निवडायचं सूप उलटं करून दिलं, त्यावर लिहितोय.