चार जातींची चाळीस पिल्लं

तीर्थरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनातच घातला आहे, चालवून घ्यावा). आपली कंबर काय म्हणते? वहिनींचा खोकला उतरला का? (पत्रात 'आपण' लिहिते आहे, भेटीत तू-तुम्हीचं बघू.) आम्ही चौघं ठीक. मागच्या खोलीत मात्र आणखी चाळीसजण राहतात, आणि त्यांनी गेले सात आठवडे माझी पुरती अब्रू घेतली, ती हकीकत सांगते.

मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठल्यावर हाताखाली कुणीतरी हवं, म्हणून मी कोंबडीची पिल्लं आणली. चार जातींची, दहा-दहा. पांढरी, तांबडी, काळी आणि डोक्यावर झुबका असलेली. आपले मेहुणे एवढंच म्हणाले, "एकाच जातीची आणली असतीस तर?" मी म्हटलं, "पस्तीस वर्षं साऱ्या गावाची पोरं एका वर्गात नांदवली मी. ही तर पिल्लं!" हे गप्प बसले. (यांचं गप्प बसणं हेच बोलणं असतं, हे मला कधीच वेळेवर आठवत नाही.)

पिल्लांना ऊब देणारा ब्रूडर सुताराकडून करून घेतला. तीन फुटांची चौकोनी पेटी, खाली भाताचं तूस, दाण्याची दोन भांडी आणि वर दोनशेचा लख्ख बल्ब, मला चष्म्याशिवाय सगळ्यांवर नजर ठेवता यावी म्हणून. पहिला आठवडा दृष्ट लागण्यासारखा गेला. दुसऱ्यात एका पांढऱ्याने एका काळीच्या शेपटीचं पीस उपटलं. रक्ताचा थेंब दिसला मात्र, सगळा वर्ग तिच्यावर तुटून पडला.

मग घरात जो तो जाणकार झाला. सून म्हणाली, तांबडी जात मुळातच तापट. मुलाचं मत पडलं की काळीच आधी खोडी काढत असणार. शेजारचे निवृत्त फौजदार पेटीवर वाकून म्हणाले, "बाई, पांढऱ्यांवर विश्वास ठेवू नका. दिसायला सोज्ज्वळ, पण रक्तातच असतं ते." झुबकेवाल्यांबद्दल कुणाचं काही मत नव्हतं, कारण त्यांना बिचाऱ्यांना स्वतःच्या झुबक्यापलीकडचं दिसतच नव्हतं. मलाही हे शास्त्र पटलं. (शाळेत असं बोलणाऱ्या पालकांना मी खोलीबाहेर काढलं होतं, हे कृपा करून वहिनींना सांगू नये.) मी पुठ्ठे लावून पेटीचे चार भाग केले आणि ज्याला त्याला आपापल्या जातीत बसवलं. आता शांतता.

दुसऱ्या दिवशी पांढरी पांढऱ्यांना टोचत होती, तांबडी तांबड्यांना. काळ्यांतली सगळ्यात छोटी, जिला मी 'मॉनिटर' म्हणायची (पेटी उघडली की आधी तीच धावत यायची), कोपऱ्यात पडली होती. मागचा भाग सोलून निघालेला, डोळे मिटलेले. तिला पदरात घेऊन मी रडले, दादा. इतक्या वर्षांत कुठल्या पोरासाठी रडले नव्हते.

गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण आली. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी. पिल्लांची जात तिने विचारलीच नाही. बल्बखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला.

"आजी, एवढ्याशा जागेत तुम्हाला चाळीसजणांबरोबर उभं केलं, डोक्यावर असा जाळ ठेवला आणि जेवायला दोनच ताटं दिली, तर तुम्ही काय कराल?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात हे म्हणाले, "टोचेल."

त्याच दिवशी पुठ्ठे काढले. पेटी मोडून अख्खी खोली पिल्लांना दिली. मंद लाल बल्ब उंचावर टांगला, तशा उजेडात रक्ताचा लाल रंग त्यांना दिसत नाही म्हणे. भांडी दोनाची सहा झाली. टोचायला कोबीचा गड्डा दोरीने लोंबकळत ठेवला, त्याची त्यांनी दोन दिवसांत लक्तरं केली. मॉनिटरच्या जखमेला जांभळं औषध लावून तिला महिनाभर जाळीआड, पण सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवलं. परवा तिला पुन्हा त्यांच्यात सोडलं. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ दाण्याला लागली. फौजदार हल्ली सगळ्यांना सांगतात, दोष बल्बचाच आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

बाकी क्षेम. प्रकृतीस जपावे. वहिनींना नमस्कार.

आपली धाकटी बहीण

ता. क. आता गर्दी निम्मी करायला हवी, नाहीतर पुन्हा टोचाटोची सुरू होईल, असं डॉक्टरीण म्हणते. आपलं परसू ऐसपैस आहे. वीस पिल्लं ठेवून घ्याल का? नको असतील तर मोकळेपणाने कळवावे, मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही.

ता. ता. क. हे पत्र टपालाने न टाकता टेंपोवाल्याच्या हाती देते आहे. पिल्लं त्याच्याच टेंपोत आहेत.

आणखी एक. वीसच्या वीस कोंबडे निघाले आहेत. हे सगळ्यात आधी लिही, असं मेहुण्यांचं म्हणणं होतं, पण तोवर कागद भरत आला होता.