डोहातलं पोतं

आबा,

तुम्ही जिथं अख्ख्या गावाला पोहायला शिकवलंत, त्या नदीकाठच्या वाळूवर आता अनवाणी चालता येत नाही. सुट्टीच्या दिवशी कुपवाडच्या कारखान्यांतली पोरं दुचाक्यांवरून येतात, आपल्या गावचीही असतात. जेवणं होतात, डुंबणं होतं, आणि ताटल्या, बाटल्या, पिशव्या तिथंच पडून राहतात. पूर आला की तेच सगळं बाभळींना लटकतं आणि वर्षभर फडफडतं. फौजेतून परत आल्यावर काही दिवस मी गोळा करत होतो. मग कंटाळलो.

लहानपणीचं अजून डोळ्यांसमोर आहे: पाठीला वाळका भोपळा बांधून तुम्ही मला डोहात ढकलता, मी गटांगळ्या खातो, आणि तुम्ही काठावर बसून निवांत विडी ओढता. एकदा मी पाण्यात थुंकलो, तर कानाखाली अशी ओढलीत की भोपळ्यासकट गरकन फिरलो. "आईच्या पदरात थुकतोस व्हय रं?" पुढं तुमची राख त्याच डोहात सोडली, तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणालो होतो, माझीही इथंच सोडा, आबांजवळ.

या उन्हाळ्यात नातीला तिथं नेलं. सून नको म्हणत होती. "आवं मामा, सांगलीत टाकीवर शिकंल की ती." मी कशाला ऐकतोय! भोपळा कुठला मिळायला, तेलाचा रिकामा कॅन बांधला. पोरगी लय धीट. हात मारायला जमल्यावर कॅन सोडला. गळ्याएवढ्या पाण्यात ती हसत हसत पाय टेकायला गेली आणि दिसेनाशीच झाली. मी कपड्यांसकट उडी घेतली. तिच्या पायाला नायलॉनची दोरी आवळून ती पाण्याखाली आडवी झाली होती, आणि दोरीला खताचं पोतं. बाहेर काढली तेव्हा ओठ निळे पडलेले. भडाभडा पाणी ओकली, मग रडली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. पोतं वर ओढलं. आत कुजलेले हार, नारळ, देवांच्या जुन्या तसबिरी. पायदळी येऊ नये म्हणून कुणीतरी पुलावरून हात जोडूनच सोडलं असणार. शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं.

पोरगी आता न्हाणीत बादली भरलेली दिसली तरी मागं सरकते. परवा मुलाला सांगितलं, "माझी राख नदीत न्हाई सोडायची. बांधावर खड्डा काढा, वर आंबा लावा." तो म्हणाला, "आन् आज्जा? त्यो एकलाच ऱ्हाईल की तिथं."

त्याचं उत्तर तुम्हालाच द्यायला हवं, म्हणून हे लिहायला बसलो. तुम्हाला पोचवायचं तर कागद पाण्यात सोडावा लागेल, आणि ते मी करणार नाही. आबा, तुमच्याजवळ यायची मला आता किळस वाटते.