शनीवरचा आळ

प्रिय शंतनु,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. कागदाला मधेच तोडून, आजी तुला नाही कळायचं, असं म्हणता येत नाही. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सावकाश वाच.

इकडे सगळे मजेत. तुझी आई जिमला जाते आणि येताना कचोरी घेऊन येते. खालच्या सुहासिनीकाकूचा पाय मात्र अजून प्लास्टरमध्येच. जिन्यापाशी बाइक धुऊन, साबणाचं पाणी पायरीवर तसंच सोडून तू पुण्याच्या गाडीला पळालास आणि ती बिचारी त्यावरून घसरली. तिला वाटतं साडेसाती लागली. शनीला तेल चालू, शनिवारचा उपास चालू, वर सेंव पण सोडली. इंदूरची बाई सेंव सोडते म्हणजे मामला किती गंभीर, समज.

तू तर तिच्याही वरचढ. फोनवर म्हणालास, देव नाही, शनी म्हणजे आभाळातला गोळा, आणि माणसाच्या हातात काहीच नसतं, डोक्यात आधीपासून ठरलेलं तेच होतं, मग दोष कोणाचा? वा रे भिया! तिनं शनीवर ढकललं, तू डोक्यावर. पाणी कोणी सांडलंच नाही! परीक्षेत पहिला आलास तेव्हा कसं नाही म्हणालास, की आपोआप झालं? पेढे तर मिरवत वाटलेस.

देव नाही, हे मला कबूल. पूजा मी केव्हाच सोडली. गुडघे दुखण्यापलीकडे तिनं काही होत नव्हतं. पण देव काढलास की नारळ फोडून सुटायची सोय पण गेली. ज्याचा पाय मोडला, त्याच्याच दारात जावं लागतं. नास्तिकाला काम जास्त असतं, बाबा. तू सुट्टी समजून बसलास.

पाणी कोणाचं, हे मी काकूला सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर ती चुगली. तू सांगितलंस तर माफी. पण पुढच्या शनिवारी ती प्लास्टरसकट देवळाच्या पायऱ्या चढायला निघालीय, कोणाचं ऐकत नाही. दुसरा पाय मोडला तर तोही शनीच्याच नावावर जाऊ देशील का?

माणूस आपणहून हलत नाही, मागून काहीतरी ढकलतं तेव्हाच हलतो, असं तुझं म्हणणं ना? असेल बाबा. म्हणून तर हे पत्र. ढकललं मी. आता शुक्रवारच्या गाडीत बस.

तुझीच,
आजी