विरघळणारी पट्टी आणि गार पेज

नागपूर, ९ डिसेंबर २०२४

सौ. उषास अ. उ. आ.

फोन लागला की तू रडतेस, माझा भाऊ कवडू तुझीच समजूत घालत बसतो आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून पत्र.

तुझ्या नातीचं ऑपरेशन नीट झालं. धानाच्या ट्रॉलीवरून पडून मोडलेला जबडा डॉक्टरांनी जागेवर बसवून आत हाडावर पट्टी लावली आहे. धातूची नाही. गुड्डीचं हाड अजून वाढायचं आहे, म्हणून विरघळणारी. हाड सांधल्यावर ती हळूहळू शरीरातच जिरेल, काढायला पुन्हा चिरायला नको. मला तशीच एक दाखवली. गरम पाण्यात बुडवली तर मेणासारखी वळली. कॉन्व्हेंटच्या चॅपलमधल्या वाकलेल्या मेणबत्त्या आम्ही मुली अशाच सरळ करायचो. किती वर्षं झाली!

विक्की आणि उर्वशी उद्या तिला घेऊन येतील. महिनाभर काही चावू द्यायचं नाही. पेज, दूध, वरणाचं पाणी. आणि सासूपण जरा आवर. तुझी सून इथे धड झोपलेली नाही.

लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझी ललिताताई


एकोडी, २१ डिसेंबर

ती. ललिताताईले सा. न. वि. वि.

पट्टी गरम पाण्यात नरम होते हे तुमी लिवलं ते बरं झालं, नाईतर आमाले कसं समजलं असतं? तवापासून गुड्डीले गरम काईच देऊन नाही राहिली. पेज पार गार करूनच देते. थंडीचे दिवस, पोरगी तोंड फिरवते. फ्राक खांद्यावरून उतरून राहिला. साकोलीचा डॉक्टर म्हणे, अशीच उपाशी राहिली तर भरती करून नाकात नळी टाकावी लागन.

काल उर्वशीनं चोरून कोमट दूध पाजलं. पोरगी गटागटा पेली. मी उर्वशीले नाही नाही ते बोलली, का तुले लेकराचा जबडा वाकडा करायचा हाय काय. आता ती माह्यासंगं बोलत नाही. तुमीच तिले समज द्या. विक्की नागपूरले येऊन राहिला, त्याच्याजवळ हे पत्र देते.

आमच्यावर जीव असाच असू द्या.

तुमची उषा


नागपूर, २२ डिसेंबर

सौ. उषास अ. उ. आ.

विक्कीला बसवून ठेवून डॉक्टरांना विचारून आले. पट्टी वळायला पाणी इतकं कढत लागतं, की त्याआधी तोंड पोळेल. कोमट पेजेनं तिला काहीही होत नाही. हे मी तेव्हाच लिहायचं, तर मेणबत्त्यांचं लिहीत बसले.

गुड्डीला आजच कोमट दे. उर्वशीला समज देण्यासारखं काही नाही, तिचंच बरोबर होतं. पण हे तिला तू सांगायचं. मी सांगणार नाही.

रागावू नकोस. माया आहे तशी राहू दे.

ललिताताई


एकोडी, ४ जानेवारी २०२५

ती. ललिताताईले सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आन् लगेच पेज मांडली. वाटी उर्वशीच्या हातात देली आन् म्हटलं, तूच पाज, माहं चुकलं. तिनं बोट घालून पाहिलं आन् पाजली. पोरगी सारी पेली, आखीन मागितली. उर्वशी नाही रडली, मीच रडली.

काल दाखवून आणलं. जबडा सरळ हाय, नळीचं काम नाही म्हणे. उर्वशी आता बोलते माह्यासंगं. पण पेजेच्या वाटीले मले हात लावू देत नाही.

येत जा, लोभ ठेवा.

तुमची उषा