बोरीच्या स्टँडवरचा फ्लेक्स

पुसद, ४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप मोठेबाबांस,
सुरभीचा सा. न. वि. वि.

बाबांचे थोरले भाऊ म्हणून फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून लिहिते आहे. तब्येत विचारत नाही. स्टँडवर फ्लेक्स बांधायला चढलात, म्हणजे ठणठणीतच असणार. माझा फोटो, त्याहून मोठा तुमचा, आणि खाली 'व्हिएतनाम येथे इंग्रजी शिक्षिकापदी निवड, हार्दिक अभिनंदन'. कसली निवड? मी अजून शिकवण्याचा कोर्सच निवडते आहे! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

तुम्ही म्हणता, देवीलालकाकांचा रोशन शनिवार-रविवारच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर व्हिएतनामला गेला, मग तुले काहून सहा महिन्यांचा कोर्स पाहिजे? कारण त्या प्रमाणपत्रात एकही विद्यार्थी समोर बसत नाही. मला हवा आहे त्या कोर्समध्ये खऱ्या वर्गाला शिकवावं लागतं आणि परीक्षक चुका तोंडावर सांगतात. प्रवेशासाठी बावीस तारखेला ते माझा एक वर्ग मोबाइलवरून पाहणार आहेत. वर्ग कोणताही चालेल, विद्यार्थी खरे हवेत.

आणि तुमच्या फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर आला. मॅडम निघाल्याच, असं म्हणत त्यांनी माझी नववी दुसऱ्या बाईंना दिली. आता मी शिकवू कुणाला, बाकांना? मला तुमचा भयंकर राग आलाय.

लोभ असू द्या, पण घरात; चौकात नको.

सुरभी

बोरी अरब, ११ ऑगस्ट

चि. सुरभीस मोठेबाबाचे आशीर्वाद, रागासकट.

मोठ्या माणसाला असं लिहितात? तुझी मोठी आई म्हणते, पोरगी बरोबर लिहून राह्यली. म्हणून तिच्याशीही बोलणं बंद आहे. स्टँडवर लोक रोज विचारत, एवढी शिकली तर पुसदलेच कायले बसली? त्यांची तोंडं बंद करायला लावला फ्लेक्स. माझा फोटो मोठा झाला तो छापणाऱ्याचा गाढवपणा.

रोशनला फोन केला. पहिल्याच दिवशी पोरांपुढे उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आता त्याला ऑफिसात बसवलंय. देवीलालनं हे गावात कुणाला सांगितलं नाही. त्याच्यावरही तोंडसुख घेतलं.

तुझ्या मुख्याध्यापकाकडे गेलतो. ऐकत नाही. तू बावीसला इकडेच ये. समाजमंदिरात वर्ग भरवतो, पहिल्या रांगेत मी. इंग्रजी कुणालाच येत नाही, त्यात खोटं काही नाही. फ्लेक्स काढून तिथल्या भिंतीवर उलटा ठोकलाय. मागून पांढरा आहे, फळा होईल.

माया आहे तेवढीच आहे. जीभ तेवढी आवर.

तुझा मोठेबाबा
उकंडा

पुसद, २५ ऑगस्ट

तीर्थरूप मोठेबाबांस,
सुरभीचा सा. न.

कोर्सला निवड झाली. या वेळी खरी. खबरदार फ्लेक्स लावाल तर!

राग अजून गेलेला नाही. देवीलालकाका तुमच्या उच्चाराला हसले, म्हणून भर वर्गात उठून त्यांच्याशी भांडायचं? परीक्षकबाई मोबाइलवर बघत होत्या. संपलं सगळं, असं मला वाटलं. पण त्यांनी लिहिलंय, शिक्षिकेला वर्ग सांभाळता येतो.

त्यांना काय माहीत, आपल्या घरात तुम्हाला खाली बसा म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नाही. मी म्हणाले, तेही इंग्रजीतून. आणि तुम्ही बसलात.

आशीर्वाद असू द्यावा.

तुमची
सुरभी