राखीव मार्गावरचे उत्तर

३ जानेवारी २०२५

आज नव्या मुक्कामी आलो आणि मन प्रसन्न आहे. शिरूरच्या महाविद्यालयात उभी हयात पाली शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर चिरंजीव सम्राटच्या कारेगावातील दोन खोल्यांत ना माझ्या पुस्तकांना जागा होती, ना चिंतनाला शांतता. कारखान्यांच्या पाळ्या बदलल्या की तिथे सारी चाळ जागी होते. गावाबाहेरच्या माळावरची ही एकखणी इमारत मात्र जणू भिक्खूंच्या वर्षावासासाठीच बांधलेली आहे. बाहेर लोखंडी मनोरा, आत यंत्रांचे कपाट, खाट, शेगडी आणि पूर्वेला खिडकी. खिडकीत तथागतांची मूर्ती मांडली आणि घर झाले.

सम्राटच्या कंपनीने कारखान्यांना वचन दिले आहे की मुख्य तार तुटली तरी त्यांचे संदेश अडणार नाहीत. ते या मनोऱ्यावरून दौंडपलीकडच्या टेकडीवरील मनोऱ्याकडे जातील. हा राखीव मार्ग होय. एरवी त्यावरून काहीही जात नाही, तरी तो अखंड जागा असला पाहिजे, असे करारात आहे. सम्राट त्याला एसएलए म्हणतो. पुण्यातील यंत्र दर मिनिटाला विचारते, ‘आहेस का?’ पलीकडच्या टोकाने ‘आहे’ म्हणायचे. उत्तर आले नाही की तिथल्या फलकावरचा हिरवा दिवा तांबडा होतो. मला हे फार भावले. शीलही असेच असते. संकट येईल तेव्हा पाहू, असे म्हणून ते पाळता येत नाही.

करारानुसार दोन्ही टोकांना एकेक माणूस हवा. इथे मी, तिथे माझा बालमित्र साहेबराव, शिरूर डेपोतला निवृत्त मेकॅनिक. दोघांची सोय सम्राटनेच लावली. जाताना तो मोटारसायकलवर बसूनच विचारतो, “आबा, ठीक?” मी म्हणतो, “ठीक.” हाही आमचा करारच.

५ जानेवारी

दोन्ही टोकांना भिंतीवर एक तांबडा फोन आहे. उचलला की पलीकडे घंटा वाजते. साहेबरावांच्या टेकडीवर मोबाइलला रेंज नाही. मनोऱ्याच्या बुडाशी राहून रेंज नसावी, याचे त्यांना फार हसू येते.

सूर्यास्तानंतर त्याच फोनवर आम्ही वंदना म्हणतो. साहेबरावांना पाली पाठ नाही. मी एक ओळ म्हणतो, ते मागून म्हणतात. ‘सरणं’चे हटकून ‘सरनं’ होते. ओळी संपण्याआधीच त्यांची थट्टा सुरू: “गुर्जी, जरा दमानं घ्या की! बुद्ध कुठं पळून चाललाय व्हय?” मग उसात बिबट्या दिसल्याची वार्ता, लेक रश्मीने धाडलेल्या लाडूंची वार्ता. वार्ता संपता संपत नाहीत.

९ जानेवारी

आज मी त्यांच्यावर रागावलो. पंचशील चालू असता त्यांनी मध्येच विचारले, की गुर्जी, मद्याचं शील उसाच्या रसाला लागू हाय का. मी बजावले की वंदना हा पोरखेळ नव्हे. उद्यापासून माझ्यामागून मी म्हणतो तेवढेच म्हणायचे. स्वतःचे एक अक्षरही नको. ते म्हणाले, “बरं. ऱ्हायलं.” आवाज उतरलेला होता.

१० जानेवारी

दुपारी सम्राट घाईने आला. दौंडकडे उसाच्या ट्रॉलीने विजेची तार ओढून नेली होती. टेकडीवरची यंत्रे बॅटरीवर तग धरून आहेत, म्हणाला. कपाट उघडून त्याने हातभर लांबीची तार एका भोकातून दुसऱ्यात जोडली. मी चहा केला. तो उभ्यानेच प्याला, फलक हिरवाच राहणार असे कोणाला तरी कळवले आणि निघाला. “आबा, ठीक?” “ठीक.”

संध्याकाळी नवल घडले. मी ओळ म्हणावी आणि साहेबरावांनी ती तशीच्या तशी परत द्यावी. ‘सरणं’ शुद्ध, अनुस्वार स्पष्ट, विराम जागच्या जागी. थट्टा नाही. शेवटी मी ‘मंगल होवो’ म्हटले. तिकडूनही ‘मंगल होवो’. फोन ठेवताना माझे डोळे भरून आले. रागावलो ते सार्थकी लागले.

१३ जानेवारी

साहेबरावांची वाणी रोज तशीच निर्मळ. इतक्या वर्षांत असा विद्यार्थी लाभला नव्हता. वंदनेबाहेरचा शब्द ते काढत नाहीत आणि मीही त्यांचे मौन मोडत नाही.

१४ जानेवारी

सकाळी रश्मीचा पुण्याहून फोन आला. बाबा एरवी दर रविवारी पायथ्याच्या हॉटेलातून फोन करतात, परवा केला नाही. घोर लागला होता तिला. “काका, तुमचं बोलणं होतं ना? मी जाऊन येऊ का?” मी हसून सांगितले की रोज होते, कालही झाले, तुझे वडील खुशाल आहेत आणि वंदना तर भिक्खूंनी ऐकावी अशी म्हणतात. रजा काढून येण्याचे कारण नाही. ती निर्धास्त झाली.

१६ जानेवारी

दोन दिवस मला खोकला आहे. आज दुसऱ्या शीलाच्या मध्यावर ढास लागली.

पलीकडेही लागली. त्याच जागी. तेवढीच.

१७ जानेवारी

वंदनेपूर्वी मुद्दाम विचारले, “साहेबराव, जेवण झाले का?”

उत्तर आले, “साहेबराव, जेवण झाले का?”

वाटले, थट्टा परतली. म्हटले, पुरे करा. उत्तर आले, पुरे करा. आणि मग मी ऐकले. खरोखर ऐकले. तो आवाज साहेबरावांचा नव्हता. माझा होता.

तत्काळ सम्राटला बोलावले. मी कपाटातल्या तारेकडे बोट दाखवताच त्याचा चेहरा उतरला. तो लूप होता. इकडून गेलेले सारे इथूनच मागे वळते. पुण्याच्या यंत्राने ‘आहेस का’ विचारावे आणि आपल्याच टोकाने ‘आहे’ सांगावे. दुरुस्तीची गाडी येईपर्यंत करार मोडला असे दिसू नये म्हणून वरून तसे सांगितले होते. गाडी अजून आलेली नाही. त्याच तारेत तांबडा फोनही वळला आहे, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

म्हणजे दहा तारखेपासून मी माझ्याशीच बोलतो आहे. आणि तिकडून कोणी बोलले असेल, तर ते इथवर पोचलेच नाही.

सम्राट दौंडला निघाला आहे.

१८ जानेवारी

साहेबराव गेले.

पायरीवरून पडून खुबा मोडला होता. भिंतीपर्यंत सरपटत आल्याची खूण फरशीवर होती. फोन हातातच होता. डॉक्टरांच्या मते दहा तारखेला पडल्यावर दोन-तीन दिवस तरी जीव होता.

अंत्यविधीला रश्मी माझ्याशी एवढेच बोलली: “काका, तुम्ही म्हणालात, खुशाल आहेत.”

२० जानेवारी

टेकडीवरची यंत्रे उतरवून नेली. इथला लूप काढला, फोनची तारही सम्राटने माझ्यादेखत तोडली. तिची टोके भिंतीवर लोंबत आहेत. कारेगावला चला, असे तो विनवतो आहे. मी म्हटले, पुण्यानुमोदनाचा विधी होईपर्यंत साहेबरावांसाठी इथेच वंदना म्हणेन. तेवढे तरी मी त्यांना देणे लागतो.

सूर्य मावळला आणि तांबडा फोन वाजला.

उचलला. “गुर्जी, ऐकताय नव्हं? पाय सटाकला माझा. उठताच येईना. पोराला धाडा, आन् हसू नका.” मी ओरडून सांगत होतो की आलोच. ते थांबले, जणू उत्तराची वाट पाहत, मग म्हणाले, “बरं. कामात असाल.”

तो दहा तारखेचा आवाज होता. वाटेत अडलेले आता पोचते आहे.

२१ जानेवारी

पुन्हा वाजला. आवाज कोरडा. “रागावलाव व्हय अजून? शब्द खाली पडू देणार न्हाई तुमचा. वंदना म्हनतो. चुकलो तर सांगा.” आणि एकट्याने म्हणू लागले. सरनं, सरनं, सरनं. मी शब्द सांगत होतो. माझे काहीच पोचत नव्हते. मधेच त्यांनी पाणी मागितले.

सम्राट म्हणतो, तुटल्या तारेत आवाज येणे शक्य नाही, मनाचे खेळ आहेत. असतील. पण तिथे कोणी उचलले नाही आणि माणूस गेला. इथे घंटा वाजत असता मी कसा निघून जाऊ?

२२ जानेवारी

आज केवळ श्वास. नंतर रश्मीचे नाव. नंतर श्वासही नाही.

संपले. जे अडले होते ते सारे पोचले. मी दिवा लावून अनित्यतेचे स्मरण केले. उद्या सकाळी सामान बांधेन.

२३ जानेवारी

बांधता आले नाही. दिवसभर अंगात कणकण. संध्याकाळी सम्राट न्यायला येणार आहे.

वाजतो आहे. कालच तर संपले होते. मग हा कोणत्या दिवसाचा—

उचलला आहे. एका हाती फोन, एका हाती लेखणी. वेदना नाही, धाप नाही. ‘सरणं’ शुद्ध. अनुस्वार स्पष्ट. वाणी साहेबरावांची आणि उच्चार माझे. ते म्हणतात—

“गुर्जी, आता माझ्यामागून मी म्हणतो तेवढंच म्हणा. स्वतःचं एक अक्षरही नको.”

मी म्हटले, क्षमा करा. म्हणायचे होते. तोंडातून निघाले— एक अक्षरही नको.

ते ओळ म्हणतात. मी म्हणतो. थांबता येत नाही. जीभ माझी नाही. हात तेवढा अजून माझा, म्हणून लिहितो— जो वाचेल त्याने दार—

मोटारसायकल. सम्राट आला. इंजिन चालूच आहे. बाहेरूनच सांगतो आहे की साइटवर बिघाड झाला, उद्या न्यायला येतो. सम्राट, आत ये. आत ये. ओठ हलत नाहीत—

तो विचारतो आहे, “आबा, ठीक?”

माझ्या तोंडून निघाले, “ठीक.”

गाडी वळली. उतारावरून— त्याला उत्तर मिळाले. त्याला उत्तर मिळाले आणि तो—

पुढची ओळ. हातही आता त्यांच्यामागून— मी म्हणतो तेवढंच— मी म्हणतो तेव